बर्बेरा: वाऱ्यासोबत भरणारे आणि वाऱ्यासोबत उठणारे सोमाली बंदर

हिराबोळाचा खडा हातात घेतला, तर प्रथम तो मातीच्या ढेकळासारखा वाटतो: तांबूस तपकिरी, खडबडीत, वरून धुरकट पूड लागलेला. तो खलात फोडला की आतला तेलकट, चकाकता भाग दिसतो, मधूनमधून पांढुरक्या रेषा दिसतात आणि कडसर सुगंध बोटांना दिवसभर चिकटून राहतो. बाळंतिणीच्या औषधांत आणि दंतमंजनात आपल्याकडे तो पिढ्यानपिढ्या वापरला गेला, पण त्याचे झाड आपल्या मातीतले नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात येणारा बराचसा हिराबोळ सोमाली मुलखातून, बहुधा आजच्या येमेनमधल्या एडन बंदरामार्गे येत असे. मुंबईत त्याची निवड आणि प्रतवारी होई आणि चांगला माल पुढे युरोपला जाई. सोमाली भाषेत त्याला ‘मल्मल’ म्हणतात. हा मल्मल ज्या बंदरातून गलबतांवर चढत असे, त्या बर्बेराविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

बर्बेरा एडनच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, जवळजवळ बरोबर एडनच्या समोर आहे, आणि दोहोंमध्ये सुमारे अडीचशे किलोमीटरचे पाणी आहे. या किनाऱ्यावर गलबताला आडोसा देणाऱ्या जागा फार थोड्या आहेत. बर्बेराला मात्र निसर्गाने वाळूची एक लांब, सखल जीभ दिलेली आहे. ती पूर्वेकडून निघून किनाऱ्याला समांतर अशी पश्चिमेकडे जाते आणि तिच्यामागे शांत, खोल पाण्याची एक पट्टी तयार होते. गावाचे सारे भाग्य या वाळूच्या दांड्यावर उभे आहे. गावामागे ‘गुबन’ नावाचे किनारी मैदान पसरलेले आहे. या शब्दाचा अर्थच ‘जळालेली जमीन’ असा आहे. वर्षाकाठी पन्नास मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बहुतेक हिवाळ्यात. मैदान ओलांडले की गोलिस डोंगरांची भिंत लागते आणि शेख गावाचा घाट चढून वर गेले की थंड हवेचे पठार, बुराओ गाव आणि त्यापलीकडे उंटपाळांची विस्तीर्ण कुरणे सुरू होतात.

बर्बेराची जी गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते, ती अशी की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे बंदर वर्षातून जेमतेम सहा महिनेच अस्तित्वात असे. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तेथे मोठी जत्रा भरत असे आणि उरलेले महिने किनारा ओस पडत असे. एडन येथे राजकीय अधिकाऱ्याचा साहाय्यक असलेल्या लेफ्टनंट क्रटंडन याने १८४०च्या दशकात या जत्रेचे वर्णन लिहिले, आणि ते मुंबईतल्या बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीच्या वृत्तांतात छापले गेले. त्याने सांगितलेला क्रम असा: वारा बदलला की प्रथम डोंगरावरच्या टोळ्या खाली उतरून आपल्या आणि येणाऱ्या पाहुण्यांच्या झोपड्या उभारू लागतात, मग समोरच्या येमेनी किनाऱ्यावरून लहान होड्या येतात, दोन-तीन आठवड्यांनी मस्कत, सूर आणि रास अल खैमा येथील मोठी गलबते येतात, त्यानंतर बहारीन, बसरा आणि कुवेतचे मौल्यवान माल भरलेले बगले, म्हणजे मोठी अरबी गलबते, येतात, आणि सर्वांत शेवटी पोरबंदर, मांडवी आणि मुंबईचे बनिये आपल्या अवजड कोटिया, म्हणजे भारतीय बांधणीची गलबते, घेऊन दाखल होतात. कोटियांच्या मागच्या बाजूला तुपाच्या रिकाम्या रांजणांची रांग टांगलेली असे. शेवटी येऊनही त्या गर्दीत घुसून पुढची जागा पटकावत, आणि भांडवलाच्या जोरावर बनिये थोड्याच दिवसांत इतरांना मागे टाकत.

रिकाम्या रांजणांचा हा तपशील वाचल्यावर सारा व्यापार डोळ्यांपुढे उभा राहतो. येताना तांदूळ, कापड, खजूर, लोखंड यायचे. जाताना त्याच रांजणांतून सोमाली तूप जायचे, आणि त्यासोबत हिराबोळ, डिंक, कातडी, शहामृगाची पिसे, हस्तिदंत, हरारची कॉफी, शेळ्यामेंढ्या आणि गुरे. जत्रेच्या ऐन भरात गावात वीस हजार माणसे असत, असे क्रटंडन लिहितो. मार्च संपता संपता परतीची लगबग सुरू होई आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर तेथे कापलेल्या उंटामेंढ्यांची हाडे आणि पुढच्या वर्षासाठी किनाऱ्यावर नीट रचून ठेवलेले झोपड्यांचे सांगाडे एवढेच शिल्लक राहत असे. मग गावाच्या विहिरीवर रात्री सिंह पाणी प्यायला येत.

एवढे मोठे बंदर दरवर्षी मोडून का ठेवत असत, याचे उत्तर दोन वेळापत्रकांच्या जुळणीत आहे. पहिले समुद्राचे. ईशान्येचा वारा भारतीय गलबतांना हिवाळ्यात आफ्रिकेकडे नेतो, आणि नैर्ऋत्येचे वारे जोर धरण्यापूर्वी त्यांना घरी परतावे लागते. जे वारे आपल्याकडे मृगाचा पाऊस आणतात आणि कोकणातली बंदरे नारळी पौर्णिमेपर्यंत बंद ठेवतात, तेच वारे सोमाली किनाऱ्यावर समुद्र बंद करतात. दुसरे वेळापत्रक गवताचे आहे. एप्रिलपासून डोंगरामागच्या पठारावर ‘गु’ नावाचा मुख्य पाऊस पडतो, तेव्हा गुराख्यांना वर जावेच लागते. हिवाळ्यात पठार कोरडे पडते आणि नेमक्या त्याच वेळी किनाऱ्यावर ‘हैस’ नावाच्या हलक्या सरी येतात, म्हणून ते खाली उतरतात. व्यापारी आणि गुराखी एकाच काळात किनाऱ्यावर येत आणि एकाच काळात तेथून निघत. मधल्या उन्हाळ्यात डोंगरावरून उतरणारा ‘खरीफ’ हा तापलेला, वाळूने भरलेला वारा गावात राहणे असह्य करतो. हा शब्द आपल्या कानांना पिकाचा वाटतो, तेथे मात्र तो भाजणाऱ्या वाऱ्याचे नाव आहे.

या जत्रेत राजा नव्हता आणि कोतवालही नव्हता. परक्या व्यापाऱ्याचे रक्षण ‘अबान’ करत असे. अबान म्हणजे स्थानिक कुळातला असा माणूस, जो आपल्या पाहुण्याचा जामीनदार, दलाल, दुभाषी आणि गरज पडल्यास त्याच्यासाठी भांडणारा पाठीराखा असे. त्याच्या मोबदल्यात प्रत्येक सौद्यावर त्याचा वाटा ठरलेला असे. अबानाच्या पाहुण्याला धक्का लागला, तर तो अबानाच्या कुळाचा अपमान मानला जाई. बर्बेरा हब्र अवल या कुळसमूहाकडे होते, आणि अबानकीचा नफा कोणी घ्यावा यावरून त्यांच्यातल्या अयाल अहमद आणि अयाल युनिस या दोन शाखांत वैर पेटले. त्याचा फायदा घेऊन शर्मर्के अली सालेह या सोमाली व्यापारी-राज्यकर्त्याने १८४०च्या दशकात येथे काही काळ ताबा मिळवला. हा मनुष्य स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. १८२५ मध्ये ‘मेरी ॲन’ या इंग्रजी जहाजावर बर्बेरात हल्ला झाला, तेव्हा खलाशांना वाचवताना त्याने स्वतः जखमा झेलल्या होत्या. पुढे तो झैला बंदराचा अधिकारी झाला.

या पुढचा काळ थोडक्यात सांगतो. १८५५च्या एप्रिलमध्ये, जत्रा उठल्यानंतर, मुंबईच्या लष्करातला अधिकारी रिचर्ड बर्टन याच्या तळावर पहाटे हल्ला झाला. त्यात त्याच्या सोबतचा लेफ्टनंट स्ट्रॉयन मारला गेला, दुसरा सोबती स्पीक याला अनेक जखमा झाल्या आणि बर्टनच्या गालातून भाला आरपार गेला. इंग्रजांनी बंदराची नाकेबंदी केली आणि १८५६ मध्ये हब्र अवलांशी तह केला. १८७०च्या दशकात इजिप्तचा अंमल आला. इजिप्शियनांनी धक्का आणि दीपगृह बांधले, आणि डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दुबारच्या झऱ्यांवरून नळाने पाणी आणून गावाला प्रथमच बारमाही रूप दिले. सुदानमधल्या महदीच्या उठावानंतर १८८४ मध्ये ते गेले आणि ब्रिटिश आले. ब्रिटिशांना येथून मुख्यतः हवे होते ते एडनच्या छावणीसाठी मांस. एडन तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होते, त्यामुळे १८९८ पर्यंत बर्बेराचा कारभारही एडनमार्फत हिंदुस्थान सरकारच्या व्यवस्थेतूनच चालला. पुढे १९४१ पर्यंत ते ब्रिटिश सोमालीलँडचे मुख्य ठिकाण होते. नंतर हा मान हर्गेसा शहराला मिळाला.

जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

प्रतिसाद: ताम्रपट

लेख आवडला. एक शंका आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात ‘मलाओ’ नावाचे बंदर येते, ते हेच का? आणि बर्बेरा हे नाव उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांवरून पडले, असे काही ठिकाणी वाचले होते, त्यात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद: धागाकर्ता

ताम्रपट, मलाओ म्हणजे बर्बेरा हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. त्या ग्रंथकाराने मलाओचे वर्णन करताना पूर्वेकडून पुढे आलेल्या भूशिराचा आडोसा असलेला नांगरवाडा असे म्हटले आहे, आणि वाळूचा तो दांडा आजही तसाच आहे. तेथील लोक शेजारच्या बंदरांतल्या लोकांपेक्षा शांत स्वभावाचे आहेत, अशीही नोंद तो करतो. निर्यातीत हिराबोळ आणि थोडा धूप, आयातीत शिवलेले कपडे, पेले, तांबे, लोखंड आणि काही नाणी, अशी यादी त्याने दिली आहे.

आपल्या दृष्टीने त्याहून मोलाची नोंद थोडी पुढे आहे. अरिआका आणि बरिगाझा येथून गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड आणि उसाचा ‘मध’ घेऊन जहाजे या पलीकडच्या किनाऱ्यावर नियमाने येतात. काही थेट या बाजारपेठांसाठीच निघतात आणि काही किनाऱ्याने जाता जाता मालाची अदलाबदल करतात, असे तो सांगतो. बरिगाझा म्हणजे भडोच. अरिआका हा भडोचच्या आसपासचा आणि तेथून दक्षिणेकडचा किनारी मुलूख समजला जातो, आणि याच ग्रंथात पैठण, तेर, सोपारा आणि कल्याण यांची नावे येतात. क्रटंडनने पाहिलेले तुपाचे रांजण यापुढे ठेवा. क्रटंडनच्या सुमारे अठराशे वर्षे आधी तूप इकडून तिकडे जात होते आणि त्याच्या काळी तिकडून इकडे येत होते.

नावाविषयी: ग्रीक लेखक या संपूर्ण किनाऱ्यालाच बर्बरांचा मुलूख म्हणत आणि अरब भूगोलकारांनीही तेच नाव चालू ठेवले. उत्तर आफ्रिकेतल्या लोकांशी त्याचा वंशसंबंध जोडण्याचे कारण नाही. परक्यांनी दोन वेगवेगळ्या लोकांना एकच नाव दिले, इतकेच.

प्रतिसाद: सुकाणू

मी व्यापारी जहाजांवर बरीच वर्षे काढली आणि एकदा जानेवारीत व एकदा जुलैत या बंदरात गेलो आहे, म्हणून पाहिलेले सांगतो. समुद्रावरून येताना प्रथम डोंगर दिसतात, तेही धुळीमुळे अर्धवट. किनारा इतका सखल आहे की गाव शेवटपर्यंत नजरेत येत नाही. दांड्याच्या टोकाला वळसा घालून पूर्वेकडे तोंड केले की एकाएकी पाणी शांत होते. बाहेरची लाट इतक्या कमी अंतरात निवलेली मी फार थोड्या बंदरांत पाहिली.

जानेवारीत धक्क्यावर जनावरांचे जहाज लागलेले होते. अंग पांढरे, मान आणि डोके काळेभोर आणि शेपटीशी चरबीचा गोळा, अशी तेथील मेंढी असते. जगात ती बर्बेराच्या नावानेही ओळखली जाते. फळीवरून हजारो काळी डोकी ओळीने वर चढत होती आणि खाली माणसे हाताने पाठीवर थाप मारून मोजदाद करत होती. माल बहुतांशी सौदी अरेबियाला जातो आणि हजच्या आधी बंदरात पाऊल ठेवायला जागा नसते. जनावरांच्या रोगाच्या भीतीने सौदीने १९९८ मध्ये आणि पुन्हा २००० पासून २००९ पर्यंत ही आयात रोखली होती. मला भेटलेल्या एका गोदीवाल्याने ती वर्षे सांगताना दुष्काळाची वर्षे सांगावीत तशी सांगितली.

जुलैतला अनुभव अगदी वेगळा होता. सकाळपासून डोंगराकडून वारा सुटायचा, आणि लोखंडी कठड्याला हात लावता येत नसे. डेकवर इतकी बारीक वाळू जमायची की झडपांच्या सांध्यांना फडकी गुंडाळावी लागली. गावातली दुकाने अर्धी बंद होती. ज्यांना जमते ते लोक उन्हाळ्यात शेखकडे वर जातात, असे कळले. तुमच्या लेखातले ओस पडणारे गाव पूर्णपणे इतिहासजमा झालेले नाही.

प्रतिसाद: शिलालेख

जत्रेच्या मालाच्या यादीत एक गोष्ट राहिली आहे आणि ती राहू नये. या जत्रेत माणसेही विकली जात. हबसाण (आजचा इथिओपिया) आणि आसपासच्या अंतर्भागातून पकडून आणलेल्या स्त्रिया, पुरुष आणि मुले काफिल्यांबरोबर चालवत किनाऱ्यावर आणली जात आणि येथून अरबस्तानाकडे जहाजांत भरली जात. १८५६च्या तहात गुलामांच्या व्यापाराला बंदीचे कलम घालावे लागले, ते याचमुळे. बनियांच्या कोटिया, बगले आणि रांजण यांचे वर्णन मनोहर आहे, पण त्याच वाळूवर साखळदंडातली माणसेही बसलेली होती.

प्रतिसाद: धागाकर्ता

शिलालेख, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. क्रटंडनच्या यादीतही गुलाम आहेत, आणि मी यादी लिहिताना ते गाळले ही माझी गंभीर चूक झाली. मूळ लेखात दुरुस्ती करता येत नाही, म्हणून वाचकांनी वरचा प्रतिसाद लेखाचाच भाग समजावा.

प्रतिसाद: कुलाबकर

एडनचा उल्लेख आला, म्हणून आठवण करून देतो. वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेवर एडनच्याच तुरुंगात ठेवले होते आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांना एडनला धाडणे सोपे होते, कारण ते मुंबई सरकारच्याच ताब्यातले ठाणे होते. एडनच्या शिबंदीचे मांस समोरच्या सोमाली किनाऱ्यावरून येत होते, तो हाच काळ. आपल्या शालेय इतिहासात एडन हे नाव त्या एका वाक्यापुरते येते आणि त्याच्या समोरच्या किनाऱ्याचा तर उल्लेखही होत नाही.

गोव्याचाही एक दुवा आहे. गोव्याहून कारभार पाहणारा पोर्तुगीज गव्हर्नर लोपो सुआरेस तांबड्या समुद्राच्या मोहिमेवर गेला असताना १५१७ मध्ये झैला जाळले गेले, आणि पुढच्याच वर्षी सालदान्या या पोर्तुगीज कप्तानाच्या आरमाराने बर्बेरा लुटले.

प्रतिसाद: शब्दवेडी

भाषेच्या अंगाने थोडी भर घालते. सोमाली लोक डाळ किंवा चवळी वाटून तळतात त्या पदार्थाला ‘बजिये’ म्हणतात आणि रमजानात उपवास सोडताना तो हमखास असतो. वाहनाला ते ‘गाडी’वरून आलेला ‘गारी’ हा शब्द वापरतात. टपालाचा पुरावा त्याहून ठसठशीत आहे: १९०३ मध्ये ब्रिटिश सोमालीलँडची पहिली तिकिटे निघाली, ती हिंदुस्थानच्याच तिकिटांवर त्या मुलखाचे नाव छापून, आणि तेथील तिकिटांवरच्या किमती १९५१ पर्यंत आणे आणि रुपयांत होत्या. माझ्या आजोबांच्या संग्रहात असे एक एडवर्ड राजाचे तिकीट आहे. लहानपणी मला ते चुकीचे छापलेले वाटायचे, कारण राजाच्या चेहऱ्याखाली दुसऱ्याच देशाचे नाव होते.

प्रतिसाद: ताम्रपट

गावाची आजची स्थिती काय आहे?

प्रतिसाद: धागाकर्ता

बंदराची आणि जुन्या गावाची स्थिती एकमेकांपासून फार वेगळी आहे. १९६०च्या दशकात सोव्हिएत मदतीने खोल पाण्याचा धक्का झाला आणि पुढच्या दशकात चार किलोमीटरहून लांब धावपट्टी झाली. १९७७च्या इथिओपियाविरुद्धच्या ओगादेन युद्धात सोमालियाने सोव्हिएतांना बाहेर काढले आणि नंतर त्याच सुविधा अमेरिकेने वापरल्या. यादवी युद्धानंतर १८ मे १९९१ रोजी सोमालीलँडने सोमालियापासून वेगळे होत असल्याची घोषणा केली, जी सोमालियाला मान्य नाही. बर्बेरा हेच त्याच्या तिजोरीचे मुख्य दार आहे. दुबईच्या डीपी वर्ल्ड कंपनीशी २०१६ मध्ये करार झाला आणि २०२१ मध्ये नवा कंटेनर धक्का सुरू झाला. इथिओपियाला स्वतःचा समुद्र नाही, म्हणून त्या धक्क्याकडे आणि तेथून हर्गेसामार्गे इथिओपियाच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्याकडे सर्वांचे लक्ष आहे.

जुने गाव, दारोले, धक्क्यापासून जवळच आहे. प्रवाळाच्या दगडाची घरे, चुन्याचा गिलावा, लाकडी सज्जे आणि नक्षीची दारे, अशी त्याची बांधणी आहे. खारा वारा प्रवाळाच्या भिंतीला आतून पोखरतो. दरवर्षी चुना लावला तरच अशी भिंत टिकते, आणि युद्धात घरे सोडून गेलेल्यांपैकी अनेक परतले नाहीत. छायाचित्रांत छत कोसळलेली, पण दाराची चौकट शाबूत असलेली घरे ओळीने दिसतात.

बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी १८७३ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली, त्यामुळे क्रटंडनचा वृत्तांत शोधायचा तर सुरुवात ती सोसायटी जेथे आहे त्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून करावी लागेल. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या राजकीय खात्याची एडनविषयक दप्तरे आहेत. बर्बेराच्या जत्रेत मुंबईहून गेलेल्या कोटियांचे नाखवे कोण होते आणि त्यांच्यात कोकणातले कोणी होते का, हे मला त्या दप्तरांत पाहायचे आहे. कुलाबकर आणि शब्दवेडी मुंबईतच असतील आणि येऊ शकत असतील, तर पुढच्या महिन्यात एखादा दिवस ठरवू या. जुनी मोडी आणि गुजराती वाचता येणारे कोणी सोबत असेल, तर काम निम्म्याने हलके होईल.